समोरच्या दादाचा शर्ट

"सांग, कुठून घेतलास? आज सांगितल्याबिगर हलू देणार न्हाई!"

भर दुपारी, लातूरच्या क्लासेसच्या रस्त्यावर मी ओरडत होतो. मुठीत त्याची कॉलर होती. भोवती डॉक्टर व्हायला निघालेली दोनशे पोरं जमली होती. पाचशे म्हणणार होतो, पण तुम्ही विश्वास ठेवला नसता. आणि तो हातातल्या झेरॉक्सच्या कागदांची चळत नीट करत नेहमीचंच म्हणाला, "घरचंच हाय."

तुम्ही म्हणाल, शर्टापायी एवढं? तर ऐका.

मी अहमदपूरचा. लातूरला रेडिमेड कपड्यांच्या दुकानात नऊ वर्षं सेल्समन. माझ्या पँटच्या इस्त्रीच्या घडीने पेरू कापता यायचा. शर्ट असा अंगाबरोबर की श्वास घ्यायचा तर आधी वरचं बटण सोडावं लागे. त्या रस्त्यावर नटावं तर मी, आणि बघावं तर माझ्याकडे. असा कारभार सुखात चालला होता. मग समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तो कामाला लागला.

विशीतला, काडीसारखा पोरगा. सकाळी कॉलेज, दुपारी झेरॉक्स. पहिल्याच दिवशी आला तो असला चौकड्यांचा शर्ट घालून, की त्यात एखादी म्हैस वासरासकट राहिली असती. खांद्याची शिवण कोपरापाशी. बाह्या चार वेळा दुमडलेल्या. पँट कमरेला सुतळीने आवळलेली. मी शेठला म्हणालो, "बुजगावणं आलंय बघा." आणि पोटभर हसलो. तेच माझं शेवटचं हसणं.

आठवड्याभरात पहिला पोरगा दुकानात आला. "काका, समोरच्या दादासारखा शर्ट हाय का?"

वय माझं एकोणतीस. मी काका आणि तो दादा.

पोरं नोट्सची झेरॉक्स काढायला जायची आणि त्याचीच काढून यायची. आमच्या अंगाबरोबरच्या शर्टांवर धूळ बसली. एप्रिलच्या उन्हात, डांबर वितळत असताना, त्याने तपकिरी कोट घातला; दुसऱ्या दिवशी बापांचे लग्नातले कोट घालून सात पोरं फिजिक्सच्या क्लासला. दोघांना चक्कर आली. घेरी आलेल्या पोरानेही शुद्धीवर येताच आधी कॉलर वर केली, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

विचारलं की एकच उत्तर. "घरचंच हाय." चोर, दुसरं काय. आपला दुकानदार कुणी सांगतं का?

मी सुट्टीच्या दिवशी एसटीने नांदेड गाठलं. म्हटलं, इथूनच आणत असणार. सगळा बाजार पालथा घातला, आणि कॉलेजजवळ एका पोराच्या अंगावर हुबेहूब तोच शर्ट. धावत जाऊन विचारलं. तो म्हणाला, "लातूरला एक दादा हाय, त्याला बघून शिवून घेतला." माझ्याआधी त्याचा शर्ट नांदेडला पोचला होता. मीही तिथल्याच टेलरकडून तसला एक शिवून घेतला आणि सोमवारी घालून दुकानात गेलो. शेठने आपादमस्तक पाहिलं. "कावीळ झाली काय रे? लई उतरलास."

त्याच दुपारी मी रस्ता ओलांडला आणि त्याची कॉलर धरली. आत लेबल होतं, त्यावर कुठल्या मुलखाची अक्षरं होती देव जाणे. म्हणजे माल बाहेरच्या देशातला. मग माझा आवाज आणखी चढला.

त्याने कॉलर हळूच सोडवली. "रविवारी गावाकडं चला. दावतो."

गाव किल्लारी. जीपमध्ये चौदाजण, मी पंधरावा, अर्धा बाहेर. नव्या गावातली ओळीने घरं. त्याच्या आईने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मी खात होतो, डोळा मात्र कोपऱ्यातल्या ट्रंकेवर. तिने ती उघडली. तपकिरी कोट, आणखी तीन शर्ट, एक पँट. खाली जुनं पांढरं फडकं अंथरलेलं, वर देवाच्या कपड्यांसारख्या घड्या.

मी म्हणालो, "मावशी, एवढे हायत. एखादा मला द्या की. पैसे देतो."

तिने कोटावर हात ठेवला. "जास्तीचा न्हाई, बाबा. भूकंपात मदतीचे ट्रक आलते. आमच्या घरी तीन माणसं, तीन गाठोडी भेटली. त्यातलं हे एक."

मी मनात मोजलं. ती, तिचा नवरा, हा. बरोबर तीन. म्हणजे हिशोबात फट नाही.

परतताना जीप भरेपर्यंत फाट्यावर उभे होतो. मी उगाच म्हणालो, "तुझ्या वाटणीचं गाठोडं लई भारी निघालं."

"माझं कुठलं? मी तवा नव्हतो. दहा-बारा वर्सांनी झालो."

"मग तिसरं?"

"दादाचं. सहा वर्साचा होता. घरात दबला." तो रस्त्याकडे बघत होता. "चवथ्या दिवशी ट्रक आला. माणसं किती, त्यांनी इचारलं. आई तीन म्हनली. तोंडात तीनच होतं तिच्या. माणशी एक गाठोडं देत होते, आत काय हाय कुणी बगितलं न्हाई. आप्पांनी त्यांचं शेतात वापरून फाडलं. ते तिसरं बांधलेलंच होतं. मी अकरावीला लातूरला निघालो तवा अंगाला दुसरं काही नव्हतं, म्हणून आईनं सोडलं."

खोटं कशाला सांगू? जीपमध्ये बसल्यावरही माझी नजर त्याच्या दुमडलेल्या बाहीवरच होती. जळणं काही थांबलं नाही. फक्त त्या दिवसापासून 'समोरच्या दादासारखा शर्ट' मागायला कुणी आलं, की मी "आमच्याकडे नाही" म्हणायचो, आणि अंगाबरोबरचा त्याच्यापुढे टाकायचो नाही.

मागच्या वर्षी त्याला नांदेडला एका ऑफिसात नोकरी लागली. जायच्या आधी तो आमच्या दुकानात आला. म्हणाला, "अंगाबरोबरचे दोन दाखवा." मी टेप लावला. छाती चौतीस. नवा आकाशी शर्ट घालूनच तो रस्त्यावर उतरला, आणि त्या अख्ख्या रस्त्यावर एकाही पोराने मान वळवली नाही. ज्या दिवसासाठी मी नवस बोललो असतो तो दिवस हाच. मी मात्र काउंटरवरून उडी मारून त्याच्यामागे गेलो.

"आणि तो कोट? ते शर्ट?" मी विचारलं. मनात अजून आशा होतीच.

"आईनं धुऊन परत बांधून ठेवले."