दोन्ही मालकांची संमती

त्यांना सगळे आकडेदादा म्हणत, कारण टोइंगच्या गाडीचा लोखंडी आकडा त्यांच्या हातात असे. दुसऱ्याच्या आवारात लावलेली गाडी उचलायची आणि यार्डात नेऊन सोडायची, हे त्यांचं काम. आयुष्यभर शिव्या खाल्ल्या. एकदा तर घर चुकलं आणि त्यांनी आपल्या साडूची गाडी त्याच्याच अंगणातून उचलून नेली. तेव्हापासून साडूने बोलणं टाकलं.

"माणूस बघून तरी आकडा लावावा!" बायको म्हणाली.

"आकडा लावताना माणूस तिथे असतो कुठे?"

मग नवा नियम आला. खासगी जागेतून गाडी उचलायची, तर मालकाची संमती हवी. जागेच्या मालकाची की गाडीच्या? ऑफिसातल्या साहेबांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "दोघांची घ्या. उगाच आपल्या अंगावर यायला नको."

दुसऱ्याच दिवशी दाताच्या डॉक्टरांचा फोन आला. फाटकात कोणीतरी हिरवी गाडी आडवी लावून गेलं होतं. आकडेदादा दवाखान्यात शिरले, तेव्हा डॉक्टर एका पेशंटचा दात कोरत होते.

"उचला म्हणतोय ना मी!" मशीन न थांबवता डॉक्टर ओरडले. "लोकांना अक्कल म्हणून नाही!"

"गाडीवाल्याचीही संमती लागते, डॉक्टर."

"आता त्याला कुठून शोधून आणू?"

खुर्चीतल्या पेशंटने हळूच हात वर केला.

मशीन बंद झालं. आकडेदादांनी टोपी काढली आणि नोकरीत पहिल्यांदाच हा प्रश्न विचारला, "साहेब, तुमची गाडी नेऊ का?"

"ओ," पेशंट म्हणाला. अर्धं तोंड भुलीने बधिर, उरलेल्या अर्ध्यात कापूस.

"हो म्हणाले," डॉक्टर म्हणाले.

"नको म्हणाले," बाकावर गाल धरून बसलेल्या आजी म्हणाल्या. "मी नीट ऐकलंय."

"मान हलवून सांगा, साहेब."

"मान अजिबात हलवायची नाही!" डॉक्टर पुन्हा ओरडले.

शेवटी कापूस काढला आणि सगळे भूल उतरायची वाट बघत बसले. पेशंट मधूनमधून जिभेने ओठ चाचपत होता. एकदाचा त्याला 'ह' जमला.

"अहो, हो हो म्हणतोय मघापासून! गाडी फाटकातच बंद पडली. दात ठणकत होता, म्हणून तशीच टाकून आत आलो. न्या एकदाची गॅरेजला!"

आकडेदादांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. आजवर कोणी आपणहून त्यांच्या हाती गाडी दिली नव्हती. ते आकडा लावायला वळले.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "माझी संमती मी मागे घेतो."

"आता काय झालं?"

"दात अर्धा उघडा आहे. गाडी गेली की हेही जाणार. मागच्या वेळी असेच पळाले होते."

पेशंट छताकडे बघू लागला. मग पुन्हा इंजेक्शन, पुन्हा कापूस. डॉक्टरांनी आकडेदादांच्या हातात ट्रे दिला आणि त्यांनी तो काम संपेपर्यंत मुकाट धरला. दात बुजला, तशी दुसरी संमतीही मिळाली.

गॅरेजपर्यंत पेशंट त्यांच्या शेजारीच बसला. वाटभर तो काहीतरी मोठी हकीकत सांगत होता, पण त्यातलं अक्षर कळत नव्हतं. आकडेदादा "खरंय" आणि "असंच असतं" म्हणत राहिले. गॅरेज आलं, तेव्हा हकीकत अजून संपायची होती. आकडेदादांनी इंजिन बंद केलं आणि ऐकत बसले.