मठाची कढई, गुरुजींची डिस्क

सास्तूरच्या वाचनालयात शिवकांता गेली अकरा वर्षं पुस्तकं देते आणि न परतलेल्या पुस्तकांसाठी लोकांच्या चुलीपर्यंत जाते. हा बाणा घरचा. तिचे वडील महांतप्पा मठातली लग्नाची भांडी सांभाळायचे. कढई न्यायची, भात शिजवायचा, त्याच दिवशी घासून परत. तीही रिकामी नाही, तळाशी गुळाचा खडा ठेवून. ‘राहिलं की भांडं घरचं होतं,’ असं म्हणत ते लोकांच्या पोटमाळ्यांकडं संशयानं बघायचे.

वाचनालयातल्या एकुलत्या संगणकावर उबुंटू ही प्रणाली आहे, फुकट मिळतं म्हणून. शिवकांतानं त्यालाही मठाचा कायदा लावला. डिस्कचे भाग लहानमोठे करणारं जीपार्टेड तर ती कामापुरतंच उतरवून घेई आणि काम झालं की काढून टाकी. ते तिथं राहिलं आणि वर्तमानपत्राची वाट बघणाऱ्या एखाद्यानं चाळा केला, तर डिस्क साफ. पासवर्डचा अडथळा नव्हता. समितीच्या ठरावानुसार तो पडद्यालाच चिकटवलेला होता.

त्या संगणकात महालिंगप्पा गुरुजींनी त्र्याण्णवच्या भूकंपाआधीच्या गावातली माणसं गोळा केली होती. घरोघर फिरून फोटो आणले, स्कॅन केले, ज्याचे त्याला परत दिले. चारशेवर फोटो झाले आणि संगणकानं कळवलं, जागा शिल्लक नाही. शेजारीच डिस्कचा निम्मा भाग अडवून जुनं विंडोज पडलं होतं. वर्षानुवर्षं कुणी त्याला हाक मारली नव्हती. ते पुसून फोटोंचा भाग वाढवायचा होता. चुकलं तर गाव दुसऱ्यांदा जाणार होतं.

“आधी नक्कल काढू, गुरुजी.”

गुरुजींनी पेनड्राइव्ह दिला. त्यातली भजनं पुसून गावाला जागा केली. तरी शेवटचे बारा फोटो मावेनात. त्यातच गुरुजींच्या बायकोचा, पार्वतीबाईंचा, एकुलता फोटो होता. मूळ कागदाचे स्कॅन करतानाच तुकडे झाले होते.

“त्यांचा आधी घेते की.”

“पंगत उठल्याबिगर वाढपी जेवतो व्हय? माझं घर शेवटाला.”

शिवकांतानं नकलेची यादी पुन्हा उघडली. हा संगणक आला तेव्हा समिती म्हणाली होती, बाईमाणसाच्या हाती नको. गुरुजीच उठून म्हणाले होते, “तिनं बिघडवला तर माझ्या नावावर लिहा.” तेव्हापासून लिहायची वेळ आली नव्हती. आज यायची शक्यता होती.

तिनं जीपार्टेड आणलं. विंडोजचा भाग पुसला, फोटोंचा भाग त्या जागेत ओढला, हिरवी खूण दाबली. पट्टी हलेना. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

“हललं का गं?”

“तुम्ही बघितलं की थांबतंय.”

गुरुजींनी आज्ञाधारकपणे भिंतीकडं तोंड केलं. थोड्या वेळानं काम पार पडलं. फोटो उघडले, सगळे होते. पेनड्राइव्हवर न मावलेल्या बारांसकट सगळे. पार्वतीबाईही, कपाळाला विभूती लावून. मग शिवकांता जीपार्टेड काढायला लागली, तसा गुरुजींनी तिचा हात धरला.

“थांब! ते गेलं तर त्यानं दिलेली जागा?”

“कढई मठात गेली म्हणून पोटातला भात परत जातोय का, गुरुजी?”

हात सुटला. जीपार्टेड गेलं, जागा राहिली.

“ज्यानं हे केलं, त्यो कोण?”

“लई जण हायत. देशोदेशीचे. नावं म्हायती न्हायत.”

गुरुजींनी खिशातून गुळाचा खडा काढून संगणकासमोर ठेवला. “त्यांच्या मठाला.” शिवकांतानं तो कीबोर्डपासून हातभर लांब सरकवला. मागच्या खेपेच्या मुंग्या अजून ‘एंटर’खाली नांदत होत्या.

घरी जाऊन गुरुजींनी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. पहिला फोटो पार्वतीबाईंचा.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात आले. “वाढप्याला आधी जेवू घातलंस. कुणाला उठवलंस पंगतीतनं?”

“माजी सरपंचांना. त्यांचा फोटो गावात प्रत्येक फ्लेक्सवर हाय.”

गुरुजींनी झोळीतून सात वर्षांपूर्वी नेलेलं, तिनं कधी न मागितलेलं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. शिवकांतानं ते उघडलं. आत, मधल्या पानावर, कागदात बांधलेला गूळ होता.