शेऱ्याचा रकाना

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. निरोप समारंभात टाळली, मुलांनी ऑफिसातल्या आठवणी विचारल्या तेव्हाही टाळली. आता ऐंशी जवळ आली आहे. खरं काय झालं ते एकदा लिहून ठेवतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या आमच्या सरकारी कचेरीत कुणी निवृत्त झालं की त्याच्या जागी नवा माणूस येत नसे. टेबलावर आधी धूळ बसायची, मग एके दिवशी ते भिंतीला सरकवलेलं दिसायचं. भिंतीची ती रांग वाढत चालली होती. तिजोरीत खडखडाट आहे, पदं कमी होणार, असं रोज पेपरात येई आणि डबा खाताना त्यावर वाद चालत. निम्मी माणसं नुसता चहा पितात, कपात व्हायलाच हवी, असं मी ठासून सांगायचो. एकदा शिपाई म्हणाला, "करा की कपात, भाऊसाहेब. फक्त साहेबांची जीप ढकलायला चार जण ठेवा." सगळे हसले आणि आपापले डबे आवरू लागले.

मग वरून पत्र आलं. प्रत्येक टेबलाचं काम मोजून कळवा. आस्थापनेचं काम माझ्याकडे, तेव्हा मोजणारा मीच. साहेबांनी बोलावून सांगितलं की आमच्या खोलीतल्या दोन टेबलांपैकी एकच राहील. एक माझं होतं. ते गेलं असतं तर अतिरिक्त ठरवून मला जिल्ह्याबाहेर धाडलं असतं, आणि गंगापूर रोडला आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. दुसरं टेबल हरसूलकडच्या डोंगराळ भागातल्या एका कारकुनाचं. त्याचं पद तात्पुरतं, दर सहा महिन्यांनी मुदतवाढ मिळणारं. ते गेलं की तो थेट घरी.

काम मोजायचं ते नोंदवहीवरून. कागद किती आले, किती निकाली निघाले. त्याची वही जवळजवळ कोरी होती. डोंगरातली माणसं दाखल्यांसाठी यायची, तो त्यांना बाकावर बसवायचा, त्यांच्याच बोलीत विचारपूस करायचा, अर्जातली चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून योग्य खिडकीकडे पाठवायचा. माणूस एका खेपेत मोकळा व्हायचा. नोंद करत जा, असं मी त्याला अनेकदा बजावलं होतं. तो म्हणायचा, "माणूस समोर बसलाय भाऊसाहेब, त्याला काय आवक नंबर द्यायचा?"

हे सगळं मला ठाऊक होतं. तक्त्यात शेवटी शेऱ्याचा रकाना होता, तिथे दोन ओळींत लिहिता आलं असतं. मी मात्र त्या आठवड्यात जुन्या प्रकरणांवर स्मरणपत्रं काढत बसलो, म्हणजे माझी वही फुगेल. त्याच्या नावापुढे लिहिलं, 'कामाचा भार अत्यल्प.'

दुसऱ्या दिवशी तो माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "माझं काय लिवलं, भाऊसाहेब? घरी लय काळजी करत्यात."

"तुमच्यासाठी साहेबांशी भांडतोय मी," मी म्हणालो.

मुदतवाढीची यादी आली, तीत त्याचं पद नव्हतं. जाताना त्याने माझे हात हातात घेतले. नंतर कित्येक महिने डोंगरातली माणसं येऊन बाकावर बसत आणि भिंतीला लावलेल्या त्याच्या टेबलाकडे बघत. ती कुणाला काही विचारत नसत. मी मान खाली घालून लिहीत राही. माझंही टेबल एक दिवस असंच सरकवलं जाईल, ही भीती मात्र निवृत्तीपर्यंत गेली नाही.

निवृत्तीनंतर एकदा बाजाराच्या दिवशी मी हरसूलला गेलो. काय बोलायचं ते एसटीत दहा वेळा मनात घोकलं होतं. तो एका दुकानाच्या ओट्यावर लोकांचे अर्ज भरून देत बसला होता. केस पांढरे झालेले. मला पाहून लगबगीने उठला, खाली अंथरलेलं पोतं झटकून मला बसायला दिलं आणि भोवतीच्या माणसांना म्हणाला, "हे आमचे भाऊसाहेब. माझ्यासाठी साहेबांशी भांडलेला हा एकच माणूस."

माणसांनी मला हात जोडले. मी चहा प्यालो. परतीची गाडी कधी आहे, एवढंच विचारलं.

पुढच्या वर्षी तो गेल्याचं कळलं. एसटीत घोकलेलं वाक्य साधंच होतं: मी तुमच्यासाठी भांडलो नाही, तुमचं काम ठाऊक असून तो शेरा मीच लिहिला, मला माफ करा.