चाँदभाईच्या काउंटरवरचे तीन चेहरे

जिनिंगात काम नका करू, नुसते दारात उभे राहा, तरी अंगावर रुई बसते. दुकानाच्या बाकाचं तसंच आहे. धामणगाव बढ्यात चाँदभाईचं बी-बियाणं, खत, औषधाचं दुकान आहे. त्या बाकावर मी रोज बसतो. सून म्हणते, "बाबा, तिथी काय काम असते तुमचं?" काम काहीच नसते. म्हणून तर किस्से जमतात! आता चौथीत शाळा सोडलेल्या माणसाजवळ कॉम्प्युटरचे किस्से जमावे, हे मले बी पटत नाही. पण जमले त्याले काय करता!

*

दुकानाचा कॉम्प्युटर जुना. सारी बिलं त्याच्यावरच. कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली त्या वर्षी तो बी आजारी पडला. कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला म्हणे. चाँदभाईच्या पोरानं, रफिकनं, गावात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या प्रज्ञा मॅडमले बोलावलं.

मॅडम म्हणाल्या, "जुनं सारं काढून लिनक्स नावाची सिस्टिम टाकू. फुकट आहे. तुम्ही वापरा, दुसऱ्याले द्या, कोणी अडवत नाही."

मी बाकावरून म्हटलं, "फुकटाचं बियाणं उगवते का बाई?"

"काका, बीटी बियाण्याच्या आधी तुम्ही काय पेरत होते?"

"घरची सरकी."

"शेजाऱ्याले देत होते?"

"देत होतो."

"उगवत होती?"

मी तंबाखू थुंकाले बाहेर गेलो!

*

मंग निघालं नवीनच. या लिनक्सले म्हणे चेहरा निवडा लागते. आत यंत्र तेच, पण पडद्यावर काय कुठी दिसावं, कशावर दाबलं की काय उघडावं, हे त्या चेहऱ्यावर. डेस्कटॉप म्हणतात त्याले. मॅडमनं एकेकाचं इंग्रजी नाव सांगितलं. बाकावरच्या एकाच्याही ध्यानात राहिलं नाही.

आमच्या गल्लीतला विष्णू मात्र उडालाच. हा दरसाल कपाशीचं बियाणं पुड्यावरचं चित्र पाहून घेते.

"समजलं! पुड्यासारखं! आत बीटी तेच, वर कुठी पहेलवान, कुठी वाघ. मॅडम, वाघवालं टाका!"

मॅडम हसल्या अन् पडद्यावर वाघाचं चित्र लावून दिलं. दुसऱ्या दिवशी विष्णू आणखी दोघाइले घेऊन हजर. "पाहा बे, काय दमदार चालून राह्यलं! जुन्यात हा दम होता का?"

"विष्णूभाऊ," मॅडम म्हणाल्या, "अजून काहीच बदललं नाही. हा जुनाच आहे. वाघ तेवढा नवा."

*

खरी अडचण वेगळी होती. चाँदभाईले जवळचं धुकट दिसते. रॅकवरचा डबा तो वाचून नाही काढत, जागेवरून काढते. कॉम्प्युटर बी तसाच चालवे. डाव्या कोपऱ्यात खाली दाबलं की बिल. चेहरा बदलला की कोपरा गेला!

रफिक म्हणाला, "अब्बा, अब आप घर बैठो. बिल मैं देख लूंगा."

चाँदभाईची बायको आदल्या वर्षी वारली. रफिकची बायको अंगणवाडीवर जाते. घरी दिवसभर भिंती. चाँदभाईनं काउंटर पुसला. पुसलेलाच पुन्हा पुसला.

मले राहवलं नाही. "काऊन रे रफिक, बापाले घरी बसवून अंडे उबवाले लावतं का?"

"काका, गिऱ्हाईक ताटकळते ना! दिवाळीपर्यंत पाहू. कोणत्या चेहऱ्यावर अब्बाले जमलं, तर खुर्ची त्याइची. नाही जमलं तर मी बसतो."

*

पहिला चेहरा एकदम मोकळा. पडद्यावर काहीच नाही, वर नुसती एक बारीक पट्टी. मॅडम म्हणाल्या, "चाचा, यात सारं आत ठेवलेलं असते. डोळ्याले शांत वाटते."

चाँदभाईनं माउस या टोकाचा त्या टोकाले नेला. परत आणला. मंग रफिककडे वळून हळूच विचारलं, "रात को चोरी हुई क्या?"

*

दुसरा चेहरा नटवा. खिडक्या थरथरत उघडत, लाटेसारख्या मिटत. रस्त्यानं जाणारे लोक पाहाले थांबत. कॉम्प्युटर जुना, त्याले तो थाट झेपत नव्हता, हे मले बी दिसत होतं.

विष्णू अळीचं औषध घ्याले आला. खात्री म्हणून किडकं बोंड आणलं अन् काउंटरवर फोडून ठेवलं. चाँदभाईनं बिलावर दाबलं. पडद्यावर चक्र फिरू लागलं. फिरूनच राह्यलं.

"चाचा, बिल?"

"आ रहा है."

अळी बोंडातून निघाली. काउंटरच्या या टोकापासून चालत त्या टोकाले गेली, कडेवरून खाली उतरली.

"चाचा, राहू द्या औषध," विष्णू म्हणाला, "अळी कंटाळून गेली!"

सारे हसले. रफिक नाही हसला. त्यानं बापाच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. चाँदभाईनं तो हात पाहिला.

*

तिसरा चेहरा साधा. थाटमाट नाही, पण पळे चांगला. मॅडम म्हणाल्या, "यात जी वस्तू जिथी पाह्यजे तिथी ठेवता येते."

"मेरी मर्जी से?" चाँदभाईनं विचारलं.

"तुमच्या मर्जीनं चाचा."

रफिक माल आणाले मोताळ्याले गेला होता. चाँदभाई सारी दुपार मॅडमजवळ बसला. बियाणं डावीकडे, खत खाली. औषध पार उजवीकडे, "जहर दूर रखो." नावं सारी काढून टाकली, कारण नावं त्याले मुंग्याच दिसत. नावाच्या जागी मोठाली चित्रं. बियाण्याले बोंड, खताले पोतं, औषधाले फवारणीचा पंप.

"अन् बिलाले?" मॅडमनं विचारलं.

"बकरी."

"बकरी काऊन चाचा?"

"दुकान में बकरी है क्या? नहीं ना! अलग दिखेगी."

*

दुसऱ्याच दिवशी दिवाळीच्या आधीचा बाजार. हरभऱ्याच्या बियाण्याले ही गर्दी! रांग रस्त्यापर्यंत. चाँदभाई दुपारच्या नमाजले गेला, म्हणून रफिक खुर्चीवर बसला. त्यानं पंपावर दाबलं, औषधं उघडली. पोत्यावर दाबलं, खत उघडलं. बोंडावर दाबलं. बकरीकडे पाहून तो चिडला, "हे काय लावून ठेवलं मॅडमनं!" अन् पुन्हा पंपावर दाबलं.

रांगेतून विष्णू म्हणाला, "रफिकभाऊ, घाई नाही! हरभऱ्याचं नाही जमलं तर उन्हाळी मुगाचं बिल दे!"

रफिक माझ्याकडे वळला. "काका, अब्बानं बिल कुठी ठेवलं?"

मले ठाऊक होतं. मी कशाले सांगू?

चाँदभाई मशिदीतून आला. टोपीची घडी केली, खिशात ठेवली. रफिक मुकाट्यानं उठून काउंटरच्या बाहेर आला. चाँदभाई बसला अन् पहिल्या गिऱ्हाइकाचं बिल फटकन काढलं. मंग दुसऱ्याचं.

रफिक काउंटरवर वाकला. "अब्बा, एक बार दिखा तो दो, कहां रखा है."

चाँदभाईनं मान वर केली नाही.

"लाइन में आ."