सशांना कूलर, मला पेपर

आमच्या गिऱ्हाईक काकूंनी फाटकापासून पायरीपर्यंत पेपर अंथरून ठेवले होते. भिलाईच्या स्मृति नगरातलं घर, पांढरी फरशी. मी दहा वर्षांची होते. मायच्या डोक्यावर एक घोंगडी, माझ्या डोक्यावर एक. काकूंच्या सासऱ्यांची कंबर धरली होती, त्यांना अंगाखाली घ्यायला घोंगडी पाहिजे होती. म्हणून आम्ही कुम्हारीहून बसनं आलो होतो. दोन आणल्या होत्या, निवडायला.

"पेपरवरच उभ्या राहा," काकू म्हणाल्या. "मेंढ्यांचा वास फरशीत बसतो."

आम्ही उभ्या राहिलो. घोंगडी मात्र आत गेली, थेट सासऱ्यांच्या पलंगावर. त्याच मेंढ्यांची लोकर, तोच वास. तिला पेपर लागला नाही.

दारात काकूंची रेवती आली. माझ्याच वयाची. अंगात गुलाबी स्वेटर, मोत्यासारखी बटणं. तिनं नाक चिमटीत धरलं आणि आत ओरडून सांगितलं, "मम्मी, बकरीवाली आई है."

बकरीवाली. मेंढी आणि बकरीतला फरक कळत नव्हता तिला. पण खरं सांगते, मला तेव्हा अपमान वाटला नाही. मला तो स्वेटर पाहिजे होता. लोकर आमच्या घरभर, आणि स्वेटर तिच्या अंगात. बसमध्ये परत जाताना पूर्ण वेळ मी त्या बटणांचाच विचार करत होते.

आमचं घर कुम्हारीच्या पुढे, शेतांच्या कडेला. जमीन एवढीशी, मागे मेंढ्यांचा वाडा. बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला होते, ते शिफ्टवरून येईपर्यंत मेंढ्या माय आणि मी चारायचो. वर्षातून दोनदा मेंढ्या नाल्यावर धुवायच्या आणि कातरायच्या. मग पिंजायचं, सूत कातायचं, चिंचोक्याची खळ लावायची आणि माय मागावर बसायची. एक घोंगडी व्हायला अख्खं घर राबायचं.

त्या दिवसानंतर मी घोंगडी पांघरणं सोडलं. मायच्या घोंगडीची लाज वाटू लागली. पातळ चादरीत कुडकुडत झोपायचे. माय म्हणायची, "थंडी वाजून राहिली तं घे ना वं पोरी." मी घेत नव्हते. बाबांना प्लांटमधून मिळालेला साबण हाताला लावून लावून चामडी सोलली. वास काही गेला नाही.

वर्षं गेली. मायच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि मागावर मी बसले. तेव्हा रेवती परत आली. बाहेर कुठंतरी कापडाचं शिकून आली होती. कुम्हारीजवळ वडिलांच्या प्लॉटवर तिनं लोकरीचा स्टुडिओ काढला. आठ मेंढ्या घेतल्या. शिवाय लोकरीसाठीच लांब केसांचे पांढरे ससे. सशांना भिलाईचा उन्हाळा सोसत नाही म्हणून त्यांच्या खोलीत कूलर. आमच्या घरी एक पंखा, तोही किरकिरणारा. मी सशांवर जळले. माणसानं सशांवर जळावं, यापेक्षा खाली काय असतं?

तिनं स्वतः शिकण्यासाठी मला बोलावलं. मी गेले. पोटापाण्यासाठी गेले असं लोक समजतात. मी गेले तिला लेंड्यांत बसलेली बघायला. पहिल्याच दिवशी ती बसली. कातरलेल्या लोकरीत नाक खुपसलं आणि म्हणाली, किती ऑथेंटिक वास आहे हा.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझ्या अंगाला येतो ती घाण, आणि तिनं हुंगला की तो सुगंध.

तरी आठ महिने शिकवलं. कातर कशी धरायची, म्हणजे मेंढीची कातडी कापत नाही. खळ किती पातळ करायची. पुढे तिनं भिलाईत एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. मायची एक जुनी घोंगडी मागून नेली, मध्ये अंथरली, आणि बाजूच्या पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं. आयत्या बिळावर नागोबा. पहिल्या रांगेत काकू खुर्चीवर बसल्या होत्या. माय मागे भिंतीला टेकून उभी होती.

रेवतीनं मला घोंगडीवर बसवलं, स्वतः शेजारी बसली. समोर कॅमेरा होता. ती कानात म्हणाली, "एवढंच बोल, हे सगळं माझ्याकडे शिकलीस म्हणून. स्टोरी अच्छी लगती है."

आमच्यात भांडण मिटवायला जमात बसते ती घोंगडीवर. घोंगडीवर बसून खोटं बोलत नाहीत. लहानपणी मी गूळ चोरला तेव्हा बाबांनी मारलं नव्हतं. घोंगडी अंथरली, तिच्यावर बसवलं आणि विचारलं. मी सांगून टाकलं होतं.

पण त्या हॉलमध्ये एक क्षण मी तयार झाले होते. हे लपवणार नाही. माझ्यावर उजेड होता, हातात माईक होता, लोक माझ्याकडे बघत होते आणि कुणी नाक धरलं नव्हतं. एक खोटं बोलले असते तर गुलाबी स्वेटरची एक बाही तरी मिळाली असती. मी मायकडे पाहिलं. तिला एवढ्या लांबचं दिसत नव्हतं. ती कान देऊन उभी होती.

मी माईक तोंडाजवळ नेला. "मी इच्यापाशी नाही शिकली. हेच माह्यापाशी शिकली. अन् हे घोंगडी माह्या मायनं विणली."

रेवती हसली आणि लोकांना म्हणाली की ही जरा घाबरली आहे. काकू पुढून बोलल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "घरात घेतलं की असंच होतं."

घरात? पेपरच्या पुढे मला कधी घेतलं होतं?

मी उठले. रेवती बसलेलीच होती. तिला म्हटलं, "ऊठ."

तिला कळेना. मी पुन्हा म्हटलं, "ऊठ. माह्या मायची आहे." ती उठली. मी घोंगडी गुंडाळली, डोक्यावर घेतली, मायचा हात धरला आणि निघाले.

बसमध्ये माय घोंगडीवरून हात फिरवत होती. मग म्हणाली, "तिले बसाले एखादा पेपर तं द्याचा होता वं."

त्या रात्री तीच घोंगडी पांघरून झोपले.

स्टुडिओ अजून चालतो. ससे कूलरच्या गारव्यात आहेत. बसमधून तिथला फलक दिसला की पोटात अजून दुखतं. ते जाणार नाही आणि आता ते जावं असं मला वाटतही नाही. त्या दुखण्यानं मला जागं ठेवलं आहे.

मागच्या आठवड्यात काकूंचा निरोप आला. आता त्यांचीच कंबर धरली आहे, एक घोंगडी घरी आणून दे म्हणाल्या. मी सांगितलं, आमची घोंगडी आता कुणाच्या दारात जात नाही. पाहिजे असेल तर या. माग वाड्याच्या पलीकडे आहे, मेंढ्यांमधून चालत यावं लागेल. पेपर अंथरलेला नसेल.