कोरडा कंदील

अलेफाच्या घरी कंदील नाही. आमच्या बाजारात वीज दुकानांपर्यंत येते आणि तिथेच थांबते. पलीकडच्या घरांत कंदील. अलेफा मेणबत्ती लावते. मेणबत्ती महाग पडते, असं मी एकदा म्हणालो, तर ती म्हणाली, "रॉकेलचा वास कापडात बसतो, मास्तर." ती शिवणकाम करते. मला ते पटलं होतं.

तिचं मशीन हार्डवेअरच्या दुकानाच्या व्हरांड्यात असतं, बसथांब्यासमोर. चिपोंगा मिशन शाळेचे निळे स्कर्ट तीच शिवते. तोंडात टाचण्या धरून बोलते, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं अंदाजाने समजून घ्यावं लागतं. माप घेताना मुलींना म्हणते, "श्वास सोड गं, परीक्षा नाही ही." मी त्याच शाळेत शिकवतो. झोंब्याच्या कॉलेजातून साहित्याची पदवी घेऊन इथे आलो आणि पहिली मैत्री झाली ती तिच्याशी. पण भेटण्याआधीच मला ती माहीत होती. इथे सगळ्यांनाच माहीत आहे.

सार्वमताच्या वर्षी अलेफा शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. मत दोन चित्रांपैकी एकाला द्यायचं होतं. काळा कोंबडा म्हणजे देशाच्या अध्यक्षांचा एकच पक्ष, आहे तसा. कंदील म्हणजे अनेक पक्ष. आमचा भाग कोंबड्याचा. मिशन तर कोंबड्याचं खुराडंच. सकाळच्या प्रार्थनेत अध्यक्षांचं नाव आजाऱ्यांच्या आधी यायचं. त्या शाळेत एक मुलगी कंदिलाची होती, आणि ते लपवत नव्हती. जेवणाच्या रांगेत ती आली की मुली आरवायच्या, "कोकोलिलिको!" ती मक्याच्या न्सिमाचं ताट उचलायची आणि पुढे जायची.

ती कंदिलाची का झाली, हे मला तिनेच सांगितलं होतं. तिची आई पोटुशी होती आणि कळा सुरू झाल्यावर दवाखान्यात निघाली होती. बसच्या दारात पक्षाच्या पोरांनी सभासदत्वाचं कार्ड मागितलं. तिने दाखवलं. "आणि पोटातल्याचं?" ते नव्हतं. बस निघून गेली. मूल घरीच झालं, मेलेलं. अलेफाचे वडील चर्चचे पंच. पुढच्या रविवारी ते त्याच पोरांना म्हणाले, चूक आमचीच, कार्ड आधीच घ्यायला हवं होतं.

"आईचं रडणं मी सहन केलं," अलेफा म्हणाली होती. "बाबांचं ते वाक्य नाही झालं सहन."

पण लोकांना माहीत आहे ती पुढची गोष्ट. शाळेच्या वार्षिक दिवशी पक्षाचे जिल्ह्याचे चेअरमन ग्वाझा पाहुणे होते. मुली नाटक करणार होत्या: दिवे घेऊन नवरदेवाची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचं. पाच शहाण्या, तेल घेऊन आलेल्या. पाच मूर्ख, तेल विसरलेल्या. दर वर्षी तेच नाटक आणि हातात खरे कंदील. त्या वर्षी मुख्याध्यापक रेव्हरंड चिंकोंबे यांनी कंदील कपाटात बंद केले आणि मेणबत्त्या वाटल्या. एका मुलीने विचारलं, "रेव्हरंड, मेणबत्तीत तेल घालायला विसरायचं कसं?"

"अभिनय कर," ते म्हणाले.

नाटकात नऊ मुली मेणबत्त्या घेऊन आल्या. दहावी अलेफा. तिच्या हातात कंदील, अजून न पेटवलेला. हा काय प्रकार आहे, म्हणत रेव्हरंड उठले. आणि ती चेअरमनच्या तोंडावर म्हणाली, "मुलिबेबे माफुता."

यात अजून तेल नाही.

हे वाक्य मी वर्गात शिकवलं आहे. ‘मुलिबे’ म्हणजे आत नाही. ‘मुलिबेबे’ म्हणजे आत अजून नाही. एक अक्षर वाढलं आणि नकाराची धमकी झाली, असं मी फळ्यापाशी उभं राहून सांगतो. मुलांना ते आवडतं. चेअरमनला बिचाऱ्याला ते कळलंच नाही, तो नुसता हसला, असंही सांगतात. मग देशभरात कंदील जिंकला. आता चिपोंगात कुणालाही विचारा, तो तेव्हाही मनातून कंदिलाचाच होता.

यंदा शाळेचा सुवर्णमहोत्सव. कार्यक्रम माझ्याकडे. मी सुचवलं, तेच नाटक करू, खऱ्या कंदिलांनी, आणि पहिला कंदील अलेफाच्या हातून लावू. शिक्षकांच्या खोलीत टाळ्या पडल्या. मी आनंदात व्हरांड्यात गेलो.

"नाही," ती म्हणाली. तोंडात टाचण्या नव्हत्या.

"लाज वाटते की काय?"

"हो."

मी हसलो. "एवढं धाडस केलंस, आणि आता स्टेजवर यायला—"

"मास्तर, तू भाषा शिकलास ना? मग त्यातला एक ‘बे’ काढ."

मला कळेना.

"मी मुलिबेबे म्हणालेच नाही. मुलिबे म्हणाले. दुसरा ‘बे’ लोकांनी लावला, कंदील जिंकल्यावर." तिने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं. "कंदील मी काठोकाठ भरला होता. पुढच्या मुलीच्या मेणबत्तीवर पेटवायचा, असं ठरवलं होतं. रेव्हरंड उठले तरी मी घाबरले नव्हते. पण त्यांच्यामागे बाबा होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. दिसू नये म्हणून. आणि माझ्या तोंडातून निघालं, ‘रेव्हरंड, मी आज मूर्ख कुमारी झालेय. यात तेलच नाही.’ कंदील तिरका करून दाखवला. लोक हसले. चेअरमन म्हणाला, ‘बघा, बघा हे कंदीलवाले! कंदील आहे, तेलाचा पत्ता नाही!’ हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले, मास्तर. कुणी सांगितलं नव्हतं."

समोर थांब्यावर बस लागली होती. कंडक्टर गावांची नावं ओरडत होता. मला सुचलं ते एवढंच, की शाळेतून काढलं असतं तर परीक्षा बुडाली असती.

"ते खरं. पण गोष्ट तिथे संपत नाही. चेअरमन म्हणाला, ‘मेट्रनबाई, बघा हो, खरंच कोरडा आहे का.’ वसतिगृहाच्या मेट्रन अमायी म्सोसा होत्या."

"कुठल्या? त्या?"

मी थांब्याकडे पाहिलं. अमायी म्सोसा तिथे मंदाझीचे गोड गोळे तळतात. अजून दर रविवारी कमरेला जुनं चिटेंजे नेसतात, अध्यक्षांचा चेहरा छापलेलं, बाकी बायांनी कधीच फाडून पोतेरं केलं ते. म्हाताऱ्याच्या राज्यात रस्त्याला खड्डा नव्हता, असं गिऱ्हाइकांना ऐकवतात. शाळेची पोरं त्यांना बघून आरवतात. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं नाव ‘कोंबडा अमायी’, म्हणजे कोंबडा-आई.

"त्याच," अलेफा म्हणाली. "आतून बाहेरून कोंबड्याच्या. मला म्हणायच्या, ‘पोरी, तुझं डोकं फिरलंय,’ आणि शेंगांची भाजी एक डाव जास्त वाढायच्या. त्यांनी कंदील कानाशी नेऊन हलवला. आत चुळुकचुळुक झालं. मला ऐकू आलं, म्हणजे त्यांना आलंच. म्हणाल्या, ‘ठणठणीत कोरडा, चेअरमनसाहेब.’ आणि पोटाशी धरून घेऊन गेल्या. मी तिरका केला तेव्हा टाकीचं झाकण सैल झालं होतं."

पुढचं माझ्या लक्षात आलं होतं, तरी तिने सांगितलं.

"त्याच कापडावर सांडलं. अध्यक्षांच्या गालावर. पाहुण्यांना भात वाढताना पक्षाच्या बायकांना वास आला. अध्यक्षांच्या तोंडावर रॉकेल! कुठून आलं, विचारलं. त्या म्हणाल्या, स्टोव्हचं. स्वयंपाकघरात सगळ्या लाकडाच्या चुली. स्टोव्ह कुठला? संध्याकाळची प्रार्थना संपायच्या आत त्यांची ट्रंक फाटकाबाहेर होती. मी जेवणाच्या रांगेत उभी होते. त्या दिवशी मला बघून कुणी आरवलं नाही. मला बरं वाटलं. ऐकतोस ना? बरं वाटलं मला."

"त्यांच्याशी नंतर बोललीस?"

"रोज मंदाझी घेते त्यांच्याकडून. त्या कागदात बांधून देतात. तेलाचा विषय निघत नाही. पोरं त्यांच्यावर आरवतात तेव्हा मी मशीन जोरात चालवते."

मग बराच वेळ तिने मशीन जोरात चालवलं. शेवटी मान न उचलता म्हणाली, "येईन मी. पण त्यांना बोलाव. पुढच्या रांगेत."

मी रस्ता ओलांडला. अमायी म्सोसा झाऱ्याने मंदाझी उलटत होत्या.

"अमायी, सुवर्णमहोत्सवाला या."

"मला? का रे बाबा, आचारी पळाला का?"

"अलेफाने बोलावलंय. त्या कंदिलाबद्दल ती बोलणार आहे."

झारा थांबला नाही. "तो कोरडा होता. मी हलवून बघितला होता."

"अमायी, मला तिने सांगितलंय."

"तिला काय कळतंय? कान माझा होता की तिचा?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "येईन. रविवारचं कापड नेसून येईन. चालेल ना तुमच्या कंदीलवाल्यांना?"

त्या तसंच नेसून आल्या. रंग विटलेला, अध्यक्षांच्या गालावरचा डाग तपकिरी. सभागृहाच्या दारात पाऊल पडताच मागच्या बाकांवरून आलं, "कोकोलिलिको!" मग दुसऱ्या कोपऱ्यातून. मग सगळेच हसले. आमच्या मुख्याध्यापिकेने रुमाल तोंडाला लावला, पण खांदे हलत होते. अमायी सावकाश चालत आल्या. पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्या. कापड गुडघ्यांवर नीट पसरलं.

अलेफा स्टेजवर होती. कंदील तिने स्वतः भरला होता. थोडं रॉकेल हातावर सांडलं होतं, पुसलं नव्हतं. मी शेजारी काडेपेटी घेऊन उभा. तिने माइक घेतला.

"यांच्यावर हसू नका. तुम्ही सांगता ती गोष्ट खोटी आहे. मी ‘अजून’ म्हणाले नव्हते. मी ‘नाही’ म्हणाले. घाबरून. कंदील भरलेला होता. अमायींना ते कळलं होतं. त्या माझ्या मताच्या नव्हत्या, तरी माझ्यासाठी खोटं बोलल्या आणि त्यांची नोकरी गेली. मी गप्प बसले. आजवर."

कुणी खोकलंसुद्धा नाही. मला वाटलं, झालं. संपलं हे एकदाचं.

"काहीतरीच!" अमायी म्सोसा खुर्चीतूनच म्हणाल्या. त्यांना माइक लागत नाही. "कोरडा होता. या कानाने ऐकलंय मी. ही पोरगी अशीच, लहानपणापासून सगळं स्वतःच्या अंगावर घेते. अगं, लाव तो दिवा आणि जेवायला सोड लोकांना!"

आधी एकजण हसला. मग सगळं सभागृह. हसण्यातून टाळ्या निघाल्या. लोक उभे राहिले. मुख्याध्यापिका माझ्या कानाशी म्हणाली, "किती विनयशील आहे ही अलेफा!" मी काडी ओढली होती. ती तशीच हातात जळत होती.

अलेफाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तसा चेहरा मी पुन्हा पाहू इच्छित नाही. नंतर तिने मला सांगितलं, हसणं तेच होतं. तेव्हाचंच. नुसते पक्ष बदलले होते.

काडीचा चटका बसला म्हणून मी ती टाकली. अलेफाने न पेटलेला कंदील टेबलावर ठेवला. पायऱ्या उतरली. पुढच्या रांगेत अमायींच्या शेजारची खुर्ची रिकामी होती; त्यांच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. ती तिथे बसली आणि त्यांचा हात धरायला तिने हात पुढे केला.

अमायींनी चिटेंजे आपल्याकडे ओढून घेतलं.

"जपून," त्या म्हणाल्या. "हाताला रॉकेल आहे तुझ्या."