कानातला सा

मला कंपनीत घेतलं ते माझे दंड बघून. शाळा किती झाली असं साहेबानं इचारलं तवा मी म्हनलो, साहेब, मी शाळंत गेलो की मास्तरच सुट्टी मागायचे. साहेब हसला आनि मला प्रेस शॉपात टाकलं. पत्र्यावर प्रेस पडायचा तो दनका असा, की सकाळची भाकर परत गळ्याशी यावी. पिंपरीपासनं आकुर्डीपातूर तवा नुसत्या कंपन्या उगवत व्हत्या. आमच्या भोसरीतली जी पोरं कालपातूर बैलांवर वरडायची, ती आता एकमेकांच्या कानात वरडायला लागली. आनि वरडूनबी काय उपेग न्हवता.

म्हनून प्रेस शॉपात सगळे हातानं बोलायचे. अंगठा तोंडाशी नेला की चहा. मनगटावर बोट आपटलं की शिफ्ट सुटायला आली. मिशीवर ताव दिला की फोरमन येतोय. पालथा पंजा हवेत खाली दाबला की मशीन बंद. ह्या भाषेत मी पंडित. तिथं शाळेचा दाखला लागत न्हवता.

पहिल्या दिवशी मशीन पुसायच्या सुताचे बोळे करून मी कानात कोंबले. शेजारच्या प्रेसवरचा गडी माझ्याकडं बघून हात पोटावरनं फिरवायला लागला. जेवनाच्या सुट्टीत समद्यांसमोर म्हनतो, "काय राव, बाळंतिनीवानी कानात बोळे! बाळंत कवा झाला? मुलगा का मुलगी?"

दुसऱ्या दिवशी कान उघडे. माझं बाळंतपन एका दिवसात उरकलं. तो गडी पुढं माझा जिगरी दोस्त झाला. आज तोबी भिताडासारखा बहिरा हाय. आमी दोघं पारावर बसतो आनि हातानं बोलतो. लोकांना वाटतं म्हाताऱ्यांना येड लागलं.

टाइम ऑफिसात एक कोकनातला कारकून व्हता. अकॉर्डियन झकास वाजवायचा. त्यानं कंपनीतल्या लोकांचा ऑर्केस्ट्रा काढला. आमी त्याला मास्तर म्हनायचो. माझा दोस्त प्रेसवर हात बसलेला, म्हनून ड्रमवर. मला घेतलं नकला करायला. दोन गान्यांच्या मधी गायक पानी प्यायचा, तवर मी फोरमनची चाल, भोंग्याचा आवाज, अंड्यावर बसलेली कोंबडी असलं कायबाय करायचो. लोकं पोट धरून हसायची. पन गानं सुरू झालं की मला कडंला बसवायचे. वाजवनाऱ्याकडं लोकं बघत बसायची, आनि माझ्याकडं बघून शेंगा फोडायची. माझ्या मनात बसलं, की आपन वाजवनारा व्हायचं. हसवून हसवून मला माझाच कंटाळा आलेला.

खडकीच्या कॅम्पात एक म्हातारा गोवेकर ऱ्हायचा. साहेब लोकांच्या क्लबात त्यानं जलमभर इलेक्ट्रिक गिटार वाजवली व्हती. त्याच्याकडं जुनी गिटार इकायला हाय असं कळलं. ती घेतली, आनि सुट्टीच्या दिवशी सायकल मारत शिकायला जायला लागलो. मी तार छेडली की तो कानाला हात लावून वरडायचा, "जोरान वाजव मरे! आयकूंक येना!"

मी आवाज वाढवायचो. परत तेच. "जोरान!" मी बटन पार शेवटाला नेऊन ठेवायचो, खिडकीची काच थरथरायची, तवा कुठं म्हातारा डोळं मिटून मान हलवायचा. मला वाटलं हीच ती इद्या. ह्यालाच रॉक म्हनतात. म्हातारा ठार बहिरा झालाय हे माझ्या टाळक्यात शिरलंच न्हाई. लोकं गुरूकडनं कला घेऊन येतात, मी त्याचं दुखनं घेऊन आलो. तेबी सायकलीवरनं.

ऑर्केस्ट्रात मास्तर म्हनायचा, "अरे बाबा, जरा हळू. गाणारा माणूस मेला की काय लोकांना कळत नाही." पन हळू वाजवलं तर मलाच माझं ऐकू यायचं न्हाई. मंडळाचे कर्णे बांबूवर, त्यांची तोंडं पब्लिककडं. आमच्या वाट्याला एका बाजूला ड्रम आनि मागं धूळ. म्हनून मी स्पीकरचा एक डबा मागून घेतला आनि डोक्याशेजारी खुर्चीवर ठेवून दिला. दिवसा प्रेस, सांजच्याला डबा. दोन बायका करनाऱ्यालाबी माझ्यापेक्षा जास्त इसावा मिळत आसंल.

शिट्टी तवाच सुरू झाली. बारीक, सरळ, कुईंऽऽ. आधी सुट्टीच्या दिवशी थांबायची. मग सुट्टीच्या दिवशीबी ड्युटीवर यायला लागली. बायकोनं लसून घालून तेल कढवलं, कानात सोडलं. शिट्टीला फोडनी बसली, पन ती काय गेली न्हाई. कंपनीच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं बत्ती लावून आत बघितलं आनि इचारलं, "गाण्याबजावण्यात असतोस ना? मग त्यानंच. ते बंद कर." मास्तरला सांगितलं, तर मास्तर म्हनतो, "गाण्यानं कुणाचे कान जातात का? ते प्रेसचं आहे. खातं बदलून माग." म्हंजी कान माझे, शिट्टी माझी, आनि गुन्हेगार दोन्हीकडनं सुटले.

मी बी सुटलो एक आयडिया काढून. कार्यक्रमाआधी मास्तर अकॉर्डियनवर सा दाबून धरायचा आनि बाकीचे आपापलं वाद्य त्याला मिळवायचे. मला तो सा नीट लागायचाच न्हाई, कारन शिट्टी मधी बोलायची. मंग म्हनलं, मधी बोलतीय तर तिलाच सा धरू. चोवीस तास चालू, हवा भरायला नको. मी गिटार कानातल्या शिट्टीला मिळवायला लागलो. मास्तर म्हनला, "अरे, इकडे बघ, हा घे सा."

"ऱ्हाऊ द्या मास्तर," मी म्हनलो, "आमचा घरचा हाय."

आता शिट्टी कधी वर चढायची, कधी खाली बसायची. ओव्हरटाइम झाला की येगळी, सर्दी झाली की येगळी. माझी गिटारबी तिच्या मागं मागं. समदा ऑर्केस्ट्रा एका गावाला, मी शेजारच्या गावाला. पन मला वाटायचं, हेच चुकतात. इतकी वर्सं मंचावर काढून ह्यांना सूर कळू नये, म्हनून मला त्यांची कीव यायची.

त्याच काळात मला एक सवय लागली. समोरच्याचं ऐकू आलं न्हाई की "व्हय" म्हनायचं. दर खेपेला "काय?" इचारलं की लोकं त्रासतात. "व्हय" म्हनलं की खूश. त्या एका "व्हय"वर मी सोसायटीचा सभासद झालो, मेव्हन्याला सायकल देऊन बसलो, आनि एकदा संपाला हात वर केला.

मग एका वर्साला असं झालं, की माझा भाव एकदम वाढला. माझ्या गिटारीचा तुकडा आला की मी मंचावर नाचायचो, गुडघ्यावर बसायचो, मागं वाकून वाजवायचो. लोकं शिट्ट्या मारायची. ह्या शिट्ट्या बाहेरच्या, हे त्यांच्या तोंडातल्या बोटांवरनं कळायचं. वन्स मोअर यायचा. मास्तर आता मला "हळू" म्हनत न्हवता. कोन टोकत न्हवतं. मी बायकोला म्हनलो, बघ, अखेर वाजवनारा झालो. ती कायतरी बोलली. मी "व्हय" म्हनलो.

चाकनला बायकोचं माहेर. तिथल्या मंडळानं गनपतीत आमचा कार्यक्रम ठेवला. समोर सासरा, मेव्हना, कांदा मार्केटातली समदी ओळखीची तोंडं, बायकांच्या बाजूला माझी बायको. मी तारा अशा मिळवल्या, की आज चाकनला कळावं, जावई काय चीज हाय ते. माझा तुकडा आला. मी जो सुटलो तो मंचाच्या ह्या टोकापासनं त्या टोकापातूर. खाली हशा उसळला. हसतात ते काय नवं न्हवतं. पन एक म्हातारी माझ्या पायाकडं बोट दाखवून हसत व्हती.

मी मागं बघितलं. गिटारीची वायर माझ्या मागनं फळ्यांवरनं घासत येत व्हती, शेपटीसारखी. तिची पिन उघडी. कशालाच जोडलेली न्हाई.

आता वायर नाचताना सुटू शकती. आधीबी सुटली व्हती. तवा समदा ऑर्केस्ट्रा दचकायचा, मास्तर डोळं वटारायचा. म्हनून मी पहिलं मास्तरकडं बघितलं. मास्तर अकॉर्डियनवर माझा तुकडा वाजवत व्हता. सवयीचा हात, एकबी बोट अडखळत न्हवतं. गायक रुमालानं घाम पुसत व्हता. कोनाच्याच तोंडावर काय नवं घडल्याचं दिसत न्हवतं.

मी दोस्ताकडं बघितलं. तो ड्रम वाजवता वाजवता माझ्याकडंच बघत व्हता. मी हातानं इचारलं, कवापासनं? त्यानं एक काठी काखेत मारली, पालथा पंजा हवेत खाली दाबला. मशीन बंद. मंग सोंडेसारखा हात हलवला आनि खांद्यावरनं मागं उडवला. मागच्या गनपतीपासनं. म्हंजी वरीसभर मी डब्यातली गिटार म्हनून कानातली शिट्टीच ऐकत व्हतो.

मंचावर उभा हाय, समोर सासरवाडी. मंग आमचा जुना धंदा कामाला आला. मी ती पिन उचलली, पब्लिकला दाखवली, आनि माझ्या कानात घातली. चाकन कोसळलं. मेव्हना खुर्चीवरनं खाली आला. इतका हशा मला जलमात मिळाला न्हवता. त्यातला मला किती ऐकू आला ते इचारू नका.

मंडपाच्या मागं मास्तरनं मला धरलं आनि कानाला तोंड लावून वरडला, "मी काय करणार होतो? तू सुरात नसतोस. सांगितलं की म्हणतोस, घरचा सा! स्पीकरवाल्याला सांगून वायर काढायला लावली. तुझं मन मोडायचं नव्हतं."

"मग मला काढायचा व्हता की, मास्तर."

"काढून कसं चालेल? लोक तुझ्यासाठी येतात. अरे, आजच्यासारखंच कर. गिटार गळ्यात घाल, उड्या मार, शेवटी ती पिन कानात घाल. मंडळं आपल्याला डोक्यावर घेतील. फक्त वायर लावायची नाही. चालेल?"

ह्या मानसाचं बोलनं मला कितीतरी महिन्यांनी अक्षर न अक्षर ऐकू आलं व्हतं. मी "व्हय" म्हनलो. ते काय सवयीनं न्हाई म्हनलो.

घरी आल्यावर बायकोला समोर बसवली. म्हनलं, तुला ठाव व्हतं तर तू तरी सांगायचं.

ती उठून माझ्या कानाशी आली. "सांगितलं की. चुलीपाशी सांगितलं, अंथरुनावर सांगितलं, एसटीत सांगितलं. दर बारीला तुमी व्हय म्हनला. मला वाटलं तुमाला ठाव हाय, आनि तरी नाचताय."

मंग मी तसाच नाचलो. ऑर्केस्ट्रा मोडंस्तवर. गावोगाव पोस्टरावर माझा फोटो गिटारीसकट, आनि खाली 'हास्यसम्राट'. शेंगा फोडनारे आता शेंगा खाली ठेवून बघायचे, येवढी परगती झाली.

एकच गोष्ट मी सोडली न्हाई. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मी कोपऱ्यात बसून गिटार मिळवायचो. एकेक तार, कानातल्या शिट्टीला, अगदी बरुबर लागंपातूर. पब्लिक खोळंबलेलं असायचं, मंडळवाले घाई करायचे. मास्तर त्यांना हातानं थांबवायचा. माझं झालं की मी मान हलवायचो, मंग तो सुरू करायचा.